साताऱ्याच्या पुढचा बर्फ

माझ्या थोरल्या साडूंइतकी बर्फाची कसून तयारी केलेला माणूस खुद्द हिमालयातही सापडणार नाही. हिमालयातल्या लोकांचं काय, ते बिचारे तिथेच जन्मतात, आयता बर्फ अंगणात येऊन पडतो आणि ते तो फावड्याने बाजूला सारून चहा प्यायला आत जातात. तयारी लागते ती सांगलीच्या माणसाला. साडूंनी ती नऊ वर्षं केली. नऊ वेळा ते डिसेंबरात मनालीला म्हणून सांगलीतून सपत्नीक निघाले आणि नऊही वेळा साताऱ्यात आमच्या घरी उतरून, आठ दिवस राहून, परत सांगलीला गेले. त्यांच्या गल्लीत त्यांना ‘मनालीवाले’ म्हणतात. त्यांनी कुणाची ती चूक कधी सुधारलेली नाही.

नात्याने ते साडू, पण माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. आम्ही दोघेही जतच्या एकाच घरचे जावई. थोरली अक्का त्यांची, धाकटी माझी. दाजींची सगळी नोकरी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. बाहेर सांगलीचं चाळीस अंशाचं ऊन आणि आत चार अंशांची थंडी, यांच्यामधल्या जाड दारापाशी हा माणूस तीस वर्षं उभा होता. परिणामी दोन गोष्टी त्यांच्या अंगात भिनल्या. एक म्हणजे कुठलंही दार उघडं दिसलं की ते लावतात. आमच्या घरचं लावतात, शेजाऱ्यांचं लावतात. एकदा एका लग्नात त्यांनी वऱ्हाड आत यायच्या आधी कार्यालयाचं दार लावून घेतलं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे कोल्ड स्टोरेजचा नियम ते माणसांना लावतात. उन्हातून आलेला बेदाण्याचा बॉक्स एकदम आत टाकायचा नसतो, आधी बाहेरच्या गार खोलीत दमाने ठेवायचा. आणि आतला बॉक्स एकदम उन्हात काढायचा नसतो, नाहीतर त्याला घाम येतो आणि माल हातचा जातो. “पायरीपायरीनं, पाव्हणं,” दाजी बोट वर करून सांगतात. “मालाचं तेच, मानसाचं तेच.”

त्यांच्या मनालीच्या बेतात म्हणूनच पायऱ्या आहेत. पहिली पायरी सातारा, म्हणजे आमचं घर. इथे आठ दिवस राहून अंग थंडीला सरावलं की दुसरी पायरी पाचगणी, मग दिल्ली, मग मनाली. आमच्या परसातल्या पेरूच्या झाडाला त्यांनी पहिल्याच वर्षी एक थर्मामीटर तारेने बांधून टाकला. सलग तीन दिवस पहाटे पारा दहाच्या खाली आला, तरच पहिली पायरी पार, असा दंडक. मी सकाळी उठणारा माणूस नाही. थंडीत तर सात वाजेपर्यंत मला माझं नावही आठवत नाही. पण डिसेंबरातले ते आठ दिवस दाजी मला सहा वाजता उठवून पेरूखाली नेत, कारण आकडा बघताना एक साक्षीदार पाहिजे. दोन दिवस नऊ येई, तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी समुद्रावर ढग जमत आणि पारा तेरावर जाऊन बसे. “थंडी मोडली,” दाजी म्हणत. आवाज असा, की जणू कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं आहे. एका वर्षी मात्र तीन दिवस नीट जमले आणि मंडळी पाचगणीला पोचली. तिथे दुपारी दोन वाजता असं लखलखीत ऊन पडलं होतं, की लोक सावलीला उभे राहून स्ट्रॉबेरी खात होते. दोन स्वेटरांतले दाजी पिशवीभर स्ट्रॉबेरी घेऊन संध्याकाळी आमच्या दारात हजर. “पायरी निसटली,” एवढंच म्हणाले.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे आम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं, कारण बर्फ बघायची इच्छा दाजींची नव्हतीच. ती अक्काची. लग्न होऊन ती सांगलीला आली तेव्हा घरात एक कॅलेंडर होतं आणि त्यावर बर्फाने भरलेल्या डोंगराचं चित्र होतं. जतची मुलगी, टँकर आला की शाळेतून पळत जाऊन घागर रांगेत लावलेली. माझी बायको सांगते, रांगेत नंबर जाऊ नये म्हणून अक्का दुपारची भाकरीसुद्धा घागरीवर बसून खायची. तर या अक्काने ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि नव्या नवऱ्याला विचारलं, “हे समदं पानीच न्हवं?” दाजी म्हणाले, “व्हय, गोठल्यालं.” अक्का म्हणाली, “आनि ते असं नुसतं पडून ऱ्हातंय? कुनी न्हेत न्हाई?” दाजी हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, “दाखवतो तुला एकदा.” मुलांची शिक्षणं, त्यांची लग्नं यांत तो शब्द बरीच वर्षं मागे पडला. पण दाजी शब्द विसरणारे नाहीत. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी एक निळी फाईल आणली.

त्या फाईलविषयी लिहायचं तर आणखी एक फाईल लागेल. तिच्यात कपडे, जेवण, औषधं अशी प्रकरणं आहेत, आणि ‘घसरणे’ हे प्रकरण सर्वांत जाड आहे. कृष्णेचं पाणी त्यांच्या गल्लीत शिरलं त्या वर्षी लोकांनी आधी टीव्ही माळ्यावर चढवले, दाजींनी फाईल चढवली. अक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली म्हणे, “पान्याला सांगलीचा रस्ता ठावं हाय, जतचा तेवढा कुनी सांगिटला न्हाई.”

‘जेवण’ या प्रकरणासाठी दाजींनी आम्हा चौघांची एक तालीम घेतली होती. जुन्या मालकांची परवानगी काढून एका रविवारी त्यांनी आम्हाला कोल्ड स्टोरेजच्या आत नेलं. बेदाण्याच्या बॉक्सांच्या दोन भिंतींमध्ये सतरंजी अंथरली आणि कानटोप्या घातलेल्या आम्हा चौघांना समोर भाकरी, पिठलं, ठेचा, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. स्वतः घड्याळ लावून बसले. मी तोंडाकडे घास नेला की, “थांबा, अजून पाच मिन्टं हायत!” वीस मिनिटांत भाकरी अशी वातड झाली की ती दातांनी ओढताना माझी कानटोपी निसटली. पिठल्याची वडी पडली. चपातीने जरा तग धरला. चटणीला मात्र काहीही झालं नाही. दाजींनी फाईलमध्ये लिहिलं: ‘भाकरी बाद. चटणी कुठेही चालेल.’ दारातून चार हमाल आमच्याकडे बघत होते. त्यांना पाहून दाजी घास टाकून उठले आणि त्यांनी दार लावलं. अक्काचं या सगळ्यात लक्षच नव्हतं. ती मागच्या पाईपवर साठलेल्या पांढऱ्या थराला एका बोटाने हात लावून बघत होती आणि ओलं बोट पदराला न पुसता तसंच धरून बसली होती.

‘घसरणे’ची तालीम आमच्या साताऱ्याच्या अंगणात झाली. बर्फाच्या कारखान्यातून दोन लाद्या आणून दाजींनी त्या फोडून फरशीवर पसरल्या आणि बुटांना काथ्याची दोरी गुंडाळून ते त्यावरून चालू लागले. आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. उभी नोकरी त्यांनी सरहद्दीवरच्या बर्फात काढलेली. ते कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून शांतपणे बघत होते. दाजी तीन पावलं नीट चालले, चौथ्याला पाय निसटला आणि ते थेट माझ्या जास्वंदीत जाऊन बसले. तिथूनच त्यांनी फाईल मागितली. सुभेदार म्हणाले, “आवं मनालीवाले, आमी सा म्हैने बर्फात पोस्टवर ऱ्हायलो, पर एवढी तैयारी आमच्या कर्नलसाबनं बी केली न्हवती. जावा की आता बिनधास्त!” दाजी जास्वंदीतूनच म्हणाले, “तुमचं येगळं. तुमास्नी सरकारनं धाडलं. हिला मी नेनार हाय.”

मी तेव्हा हसलो. त्या वाक्याचा खरा अर्थ मला कळायला मध्ये पाच वर्षं जावी लागली.

या दिवाळीनंतर दाजी आणि अक्का आमच्याकडे आले ते एक बातमी घेऊन. अक्काचे दोन्ही गुडघे पार गेले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी संक्रांतीनंतर ऑपरेशनची वेळ दिली होती आणि वर एक वाक्य सांगितलं होतं: ऑपरेशननंतर निसरड्या जागी जायचं नाही, कधीच नाही. म्हणजे बर्फ बघायचा तर हाच हिवाळा, पुढचा नाही. आता तरी दाजी घाई करतील अशी माझी समजूत. त्यांनी काय केलं, तर फाईलमध्ये ‘गुडघे’ असं नवं प्रकरण उघडलं. मला संताप आला. दुपारी गच्चीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो होतो, तेव्हा मी मनातलं बोलून टाकलं. “दाजी, तुम्हाला जायचंच नाहीये. राग आला तरी चालेल. नऊ वर्षं तुम्ही त्या बाईला पेरूच्या झाडापर्यंत आणून परत नेताय.”

दाजी रागावले नाहीत. हातातला घाटा सोलून त्यांनी दाणे वाटीत टाकले. मग म्हणाले, “तुमी थंडी बघितल्याली न्हाई, पाव्हणं. मी बघितलीय.” आणि मग जे आजवर त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ऐन एप्रिलमध्ये, हंगामाच्या गर्दीत, घामाने भिजलेल्या नुसत्या शर्टावर ते माल मोजायला आत गेले, आणि दाराची जुनी कडी बाहेरून बसली. हमाल जेवायला गेलेले. “आदी कुडकुडलो. दारावर थापा मारल्या, वरडलो. मग, गड्या, बरं वाटाय लागलं. झोप याय लागली. थंडी वाईट अशी न्हाई वाटत, पाव्हणं. ती गुमान येती आनि मायेनं थोपटती. तेच वंगाळ.” एक हमाल तंबाखूची चंची आत विसरला होता, ती घ्यायला परत आला म्हणून दार उघडलं. “त्या दिसापास्नं मी तंबाखूला नावं ठेवत न्हाई,” दाजी म्हणाले. मग वाटीतले दाणे बोटाने इकडचे तिकडे करत राहिले. “हिला शब्द दिलाय. पर हिला तिथं न्हेऊन काय झालं तर? म्हनून बघतोय, एक तरी पायरी ऱ्हायली का.”

नऊ वर्षं ज्याची टिंगल केली ती माणसाची भीती होती, आणि तीही स्वतःसाठी नव्हती. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात जिन्यावरून अक्का वर आली. एकेक पायरी, कठड्याला धरून, मध्ये थांबत. तिने सगळं ऐकलं होतं. ती दाजींच्या शेजारी टेकली आणि त्यांच्या वाटीतले हरभरे खाऊ लागली. “मला काय ठावं न्हाई व्हय?” ती म्हणाली. “त्या दिशी घरी आलासा तवा तुमचं हात निळं पडल्यालं. दोन तास मीच चोळत बसले हुते. मशीनमदी बोट गावलं म्हनलासा, मी व्हय म्हनलं.”

दाजींनी वाटी तिच्याकडे सरकवली.

“तवा तुमी आत एकलं हुतासा,” अक्का म्हणाली. “आता मी हाय की संगट. तुमास्नी झोप याय लागली तर मी हालवीन, मला आली तर तुमी हालवा. हाय काय आनि न्हाई काय!” मग पदराचं टोक सारखं करत म्हणाली, “तिकिटं काडल्यात. हिनं काडून दिली मोबाईलवर. मिरजंत गाडीत बसायचं ते दिल्लीलाच उतरायचं.” ‘हिनं’ म्हणजे माझ्या बायकोने. दोघी बहिणींनी मला पत्ता लागू दिला नव्हता.

“आनि पायऱ्या?” दाजींनी क्षीण आवाजात विचारलं.

“माज्या गुडघ्यास्नी झेपत न्हाईत आता पायऱ्या,” अक्का म्हणाली आणि उरलेले हरभरे तिने त्यांच्या हातावर ठेवले.

दोघं सामान बांधायला सांगलीला परतली. गाडी साताऱ्यावरून जायची होती. आम्ही दोघं शिदोरी घेऊन दुपारीच माहुलीला, साताऱ्याच्या स्टेशनवर, जाऊन बसलो: चपात्या, फाईलने पास केलेली चटणी, कंदी पेढे आणि सुभेदारांनी अक्कासाठी दिलेले फौजी लोकरी मोजे. बायको वरवर निश्चिंत होती, पण तिने सकाळीच मटकी भिजत घातली होती आणि खोलीत दोघांची गादी अंथरून ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाली, “असू दे. दाजींचा काय भरवसा?” तिचं काही चुकत नव्हतं. गाडी थांबली तर दाजी दारातच उभे. अंगात दोन स्वेटर, बगलेत फाईल, हातात पिशवी आणि एक पाय प्लॅटफॉर्मवर. मागच्या खिडकीत अक्का बसली होती. ती नवऱ्याला हाक मारत नव्हती. पुढे बघत होती, मांडीवर दोन्ही हात ठेवून. घागरीवर बसलेली मुलगी अशीच बसत असेल.

“पाव्हणं,” दाजींनी मला विचारलं, “पेरूवर काय हाय?”

मी सकाळी पाहिलं होतं. चौदा. कालही चौदाच होतं.

“नऊ,” मी म्हणालो. “सलग तिसरा दिवस.”

डोक्यावर ऊन रणरणत होतं. दाजींच्या कानशिलावरून घामाची धार दुसऱ्या स्वेटरात उतरत होती. तीस वर्षं ज्याने पाऱ्याशीच संसार केला, त्याला नऊ आणि चौदा यांतला फरक अंगावर कळतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “नऊ म्हंजे पास झाली पायरी.” प्लॅटफॉर्मवरचा पाय उचलून त्यांनी डब्यात घेतला, शिदोरी घेतली आणि गाडी हलता हलता डब्याचं दार लावलं.

घरी आलो तर ती गादी अंथरलेली. बायकोने ती गुंडाळून कपाटावर टाकली. मटकी दोघांत तीन दिवस पुरली. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी, ज्याने नऊ वर्षं त्या सहाच्या उठण्याला मनातून शिव्या घातल्या, तो मी रोज सहा वाजता आपोआप जागा होऊ लागलो. शाल घेऊन पेरूखाली जायचो, आकडा बघायचो आणि मग लक्षात यायचं की सांगायला कुणी नाही. अक्काचं ऑपरेशन होईल, बर्फ तर आता बघून होईल. पुढच्या डिसेंबरात ही माणसं आमच्याकडे यायचं कारणच उरत नव्हतं. आपण त्यांना गाडीत बसवलं ते बरोबरच केलं, तरी घर ओकंओकं वाटायचं ते वाटायचंच.

सहाव्या दिवशी मनालीहून फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

“अक्का? बघितलंस का गं? कसं हाय?”

“समदं पानीच हाय गं,” अक्का म्हणाली. “जिकडं बघंल तिकडं. झाडावर, घरावर, रस्त्यावर, समदीकडं.” मग म्हणाली, “आनि रांग न्हाई.”

बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि ती आत गेली. तिकडे फोन दाजींकडे गेला होता. त्यांचा आवाज खणखणीत होता. “पाव्हणं, हितल्या लोकास्नी काय शिस्त न्हाई! हाटेलचं दार उगडंच टाकत्यात. सकाळधरनं मीच लावतोय.” अक्का चालली का, हे विचारल्यावर आवाज उतरला. “चालली की. धा पावलं. माज्या हाताला धरून. मी घसरलो, ती न्हाई घसरली.” मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, “आनि हे बगा, येताना साताऱ्याला उतरावं लागनार. हितनं एकदम सांगलीच्या उनात न्हेली तर घाम यील. दमानं काडायला पायजे.”

“किती दिवस?” मी विचारलं.

“आठ. कमी करून चालायचं न्हाई. ऑपरेशननंतर बी डागदर थंड हवंला धाडनारच हायत, तवा थर्मामीटर काडू नगासा.”

मी फोन ठेवून आत गेलो तर बायको स्टुलावर चढून कपाटावरची गादी खाली ओढत होती. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ती जिन्यावरून वर नेली आणि गच्चीत, जिथे हरभरे सोलले होते तिथेच, उन्हात पसरली.